नादार: होय

४ मार्च, सोमवार

आधी या वहीची माफी मागते. शेवटची नोंद ऑगस्टमधली आहे आणि तीही अर्धीच: "आज मशीन". पुढचं वाक्य सात महिने राहून गेलं. मशीन त्या दिवशी उचलून नेलं, एवढंच ते वाक्य होतं. ते लिहायला मी का घाबरले, कोण जाणे. न लिहिल्यामुळे मशीन काही परत आलं नाही.

गेल्या गुरुवारी न्यायालयाचा कागद मिळाला. "उपरोक्त व्यक्तीस नादार घोषित करण्यात येत आहे." उपरोक्त व्यक्ती म्हणजे मी. एकोणीस वर्षं मी दातांच्या कवळ्या बनवल्या, आधी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत आणि मग माझ्या स्वतःच्या. नवीन मशीन घेतलं, आणि ज्या मोठ्या दवाखान्यांच्या भरवशावर घेतलं त्यांनी काम दुसरीकडे वळवलं. सगळ्या कागदांवर सही माझी एकटीची होती. त्यामुळे धंदा बुडाला, मी नाही, असं म्हणायची सोय नाही.

न्यायालयाने माझ्या प्रकरणावर एक अधिकारी नेमला आहे. मी त्यांना मनातल्या मनात फाईलवाले म्हणते, कारण टेबलावरच्या ढिगामागून त्यांचे फक्त डोळे दिसतात. त्यांनी एक छापील यादी दिली: "खालील संस्थांना स्वतःहून कळवावे." बँक, विमा, घरमालक, वीज, फोन, अशी खाली खाली जात होती.

"बहुतेक लोक पहिल्या तिघांवर थांबतात," ते म्हणाले.

"मी सगळ्यांना कळवीन."

"कळवा की. पोस्टाची तिकिटं तुमची."

मला राग आला, आणि मग रागाचंच आश्चर्य वाटलं. सात महिन्यांत मला कशाचाच राग आला नव्हता.

बाबांना कागद वाचायला दिला. बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. हातात कुठलाही कागद आला की आधी पेन शोधतात. या वेळी शोधलं नाही. एका शब्दावर बोट ठेवून बसून राहिले.

"नादार," ते म्हणाले. "दिवाळखोर नाही लिहिलं."

"तेच ते, बाबा."

"तेच कसं? खोर सवयीला लागतं. भांडखोर, चिडखोर, चहाडखोर. एकदाच घडलेल्याला खोर लावणं व्याकरणात बसत नाही." मग पुन्हा हळूच "नादार" म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले.

त्यांना लाज वाटली असणार. आमच्या घराण्यात असा कागद कधी आला नव्हता.

६ मार्च, बुधवार

एक वाक्य लिहून काढलं आणि आरशासमोर तीनदा म्हटलं: "न्यायालयाने मला नादार घोषित केलं आहे, हे कळवण्यासाठी फोन केला." तिसऱ्यांदा आवाज स्थिर आला.

पहिला फोन, फोनच्याच कंपनीला. तिकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे मॅडम, बदल करून देते. नवीन आडनाव नादार. ना-दा-र. विवाहाचा दाखला आहे का?"

मी मोठ्याने हसले. बाबा आतून विचारायला आले, काय झालं. मी म्हटलं, माझं लग्न ठरलं.

वीज झाली, गॅस झाला. सायकलवरून जाऊन वाचनालयालाही सांगितलं. ते यादीत नव्हतं, पण अनामत त्यांच्याकडे आहे, म्हणजे व्यवहार आहेच. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, पुस्तकं वेळेवर आणता ना? मग मला हे कशाला सांगता?"

घराच्या विम्याच्या कंपनीला शेवटी फोन केला. तिथली बाई भली होती. म्हणाली, "हे आम्ही नूतनीकरणाच्या वेळी विचारतो. तुमचं महिनाअखेरीला आहे. आत्ता सांगायलाच हवं असं नाही."

"पण मी आत्ता सांगितलंय."

"हो, पण मी अजून काही टाईप केलेलं नाही," ती जरा हळू आवाजात म्हणाली.

ती काय सुचवत होती, ते मला कळलं. मी म्हटलं, "करा टाईप."

८ मार्च, शुक्रवार

विमा एवढा महत्त्वाचा का, ते इथे लिहून ठेवते. नाहीतर काही वर्षांनी ही वही वाचताना मला मीच वेडी वाटेन.

माणसाच्या हातची हत्यारं कायदा काढून घेत नाही. फाईलवाल्यांनी यादीवर एकेकावर खूण करून ती माझ्याकडे ठेवली: मेणाच्या सुऱ्या, पाती, छोटी हातमोटर, बर्नर. दोन खोक्यांत भरून ती मागच्या खोलीत आहेत. माझ्या जुन्या ओळखीच्या दंतवैद्य, आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणाल्या, "तू बसायला जागा कर. माझं सगळं काम तुझ्याकडे. मशीनच्या कवळ्या म्हाताऱ्यांना टोचतात." जागा म्हणजे मागच्या खोलीतलं टेबल. खिडकी आहे, उजेड चांगला आहे.

आमच्या घराच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना विचारायला गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"घरात ज्योत पेटणार?"

"छोटी. गॅसच्या शेगडीपेक्षा छोटी."

"शेगडीवर स्वयंपाक होतो. यावर काय होणार ते मला ठाऊक नाही. विम्याचा कागद आणा, त्यात ज्योतीचं लिहिलेलं असू द्या. एकतीस तारखेपर्यंत. नाहीतर खोकी उघडायची नाहीत."

विमा नाही तर टेबल नाही. टेबल नाही तर कवळ्या नाहीत. मग सेहेचाळीसाव्या वर्षी मी कुठल्यातरी काउंटरमागे उभी राहून लोकांना टूथब्रश विकणार. त्यात कमीपणा नाही. पण माझे हात त्यासाठी नाहीत.

११ मार्च, सोमवार

विमा कंपनीचं पत्र. "आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण करणे शक्य होणार नाही." सही कुणाची नाही, नुसता शिक्का.

खरं सांगायचं तर मला त्या भल्या बाईचाच राग आला, आणि तो साफ अन्याय होता. तिने मला वाट दाखवली होती. मी ताठ मानेने "करा टाईप" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवर खूश होऊन चहा केला. हे खरेपणानं वागणं होतं, की खरेपणाची हौस? दोन्हींची चव सारखीच लागते.

१३ मार्च, बुधवार

धाकटी आली. तिला दारातच कळतं घरात काय बिनसलंय ते.

"ताई, तुला कोणी बक्षीस देणार आहे का? 'सत्यवादी मुलगी, प्रथम क्रमांक'?"

"मला विचारलं तर मी काय सांगू?"

"अगं, विचारलंच नव्हतं ना त्यांनी! तू लोकांच्या दारात जाऊन सांगतेस. वाचनालयात सांगितलंस! उद्या केस कापायला जाशील तिथेही सांगशील."

"तिथे उधारी नसते."

"बाबा, बघा हिला."

बाबा पेपर वाचत होते, हातात लाल पेन. त्यांनी वर पाहिलं नाही. धाकटीने मग खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. तिचा बेत सरळ होता. नवीन विमा बाबांच्या नावाने काढायचा. घरात कोण राहतं, या रकान्यात फक्त बाबा. मी धाकट्या बहिणीकडे राहते, असं लिहायचं.

"आणि तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं, मी तुमच्याकडे का राहते?"

"त्यांना यातलं काही कळता कामा नये!" ती झटकन म्हणाली. मग तिचे डोळे भरले. "तसं नाही गं. तुला माहितीय त्या कशा आहेत. गेल्या वर्षी माझी ताई प्रयोगशाळा चालवते म्हणून सगळ्यांना सांगत फिरायच्या."

मी तिचा हात धरला. तिला दोष देत नाही. पण ती गेल्यावर बराच वेळ मला स्वतःच्या घरात चोरून राहिल्यासारखं वाटलं.

१७ मार्च, रविवार

चार कंपन्या झाल्या. सगळ्यांचे फॉर्म संगणकावर, सगळ्यांत एकच प्रश्न, आठव्या किंवा नवव्या पानावर: "अर्जदार अथवा घरातील कोणतीही प्रौढ व्यक्ती कधी नादार ठरली आहे काय?" होय किंवा नाही. "होय" दाबलं की शिंकेला लागतो त्याहून कमी वेळात उत्तर येतं. क्षमस्व.

एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर ती आत कुजेल. चौथ्या कंपनीच्या फॉर्मवर मी "नाही" दाबलं. फक्त बघायला. पुढचं पान उघडलं, किती सहज उघडलं, फिकट निळ्या रंगाचं, वर "अभिनंदन". मी मागे जाऊन "होय" केलं, आणि क्षमस्व. पण मधली ती काही सेकंदं मी "नाही" होते आणि मला बरं वाटत होतं. हे डॉक्टरीणबाईंना किंवा धाकटीला सांगता येणार नाही.

बाबांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, "होय आणि नाही. एवढंच? शेरा लिहायला जागा नाही?"

"नाही, बाबा. नुसती दोन भोकं."

"मग ते वाचणारं कोणी नाहीच," ते म्हणाले, आणि अजून कागदी फॉर्म घेणारी कुठली कंपनी उरलीय का, ते विचारायला लागले. जुन्या माणसांना कागदाचं प्रेम असतं. तरी शोधलं. एक निघाली, लहानशी.

२० मार्च, बुधवार

फॉर्म आला. चांगला जाड कागद. सूचना क्रमांक सहा: "घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आपले पान स्वतंत्रपणे भरावे." माझं पान पंधरा मिनिटांत झालं. होय, कारण, दिनांक. खाली ज्योतीबद्दल सगळं, बर्नरच्या नळीच्या लांबीसकट.

बाबांनी त्यांच्या एका पानाला दोन तास घेतले. भिंगाचा चष्मा, खाली स्वच्छ कागद, बारीक निबाचं पेन, जसे प्रुफं तपासायला बसत तसे. मी चहा घेऊन गेले तर पानावर हात आडवा ठेवला.

"बाबा, मी बघते ना एकदा. तुमच्या डोळ्यांना—"

"स्वतंत्रपणे, असं छापलंय. स्वतंत्रपणे म्हणजे स्वतंत्रपणे."

पान त्यांनीच पाकिटात घातलं आणि त्यांनीच चिकटवलं. शाळेत पेपर लिहिताना शेजारच्याला दिसू नये म्हणून मुलं करतात, अगदी तसा चेहरा होता.

पाकीट मी स्वतः पोस्टात टाकलं. परत येताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

२५ मार्च, सोमवार

अकरा वाजता फोन. पुरुषाचा कोरडा आवाज, विमा कंपनीचा तपासनीस.

"तुमच्या घरात दोन नादार आहेत का?"

"नाही. एक. मी."

"तुमच्या वडिलांनीही होय लिहिलंय."

क्षणभर वाटलं, बाबांनी आमच्यापासून काहीतरी लपवलंय.

"कालावधीच्या रकान्यात लिहिलंय," तो म्हणाला, "इयत्ता पाचवी ते इयत्ता अकरावी. आणि पुढचं सगळं समासात आहे, बारीक अक्षरात, पान भरून. आमच्या मशीनला ते वाचता येईना, म्हणून फॉर्म माझ्या टेबलावर आला. वाचून दाखवू?"

त्याने वाचून दाखवलं. मी ते नंतर त्याच्याकडून मागून घेतलं, म्हणून जसंच्या तसं उतरवते:

"घरच्या परिस्थितीमुळे शाळेची फी भरणे शक्य नव्हते. फी माफ व्हावी यासाठी नादारीचा अर्ज दर वर्षी करावा लागे. तो मी स्वतः लिहीत असे. नादार विद्यार्थ्यांची यादी शाळेच्या फलकावर लागे. त्यात सात वर्षे माझे नाव होते. यादीत आडनावाचे ऱ्हस्वदीर्घ चुकले होते, ते मी एकदा पेन्सिलीने दुरुस्त केले. नंतर साठ वर्षे हे कोणाला सांगितले नाही. आपण विचारले, म्हणून सांगतो."

मी म्हटलं: "माफ करा. त्यांचं वय झालंय. तुम्ही न्यायालयाचं विचारताय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शब्द एकच, पण अर्थ वेगळा. चुकीचं 'होय' हेसुद्धा चुकीचंच. तुम्ही ते नोंदवू नका."

"अक्षर तर छापल्यासारखं आहे हो," तो म्हणाला. "दुरुस्ती हवी असेल तर लेखी द्या. तोवर मी परवा येऊन तुमचं टेबल बघून जातो. असं प्रकरण बसल्या जागेवरून नामंजूर करता येत नाही. कोणत्या खान्यात टाकायचं, तेच कळत नाही."

फोन ठेवला आणि बाबांच्या खोलीत गेले.

"बाबा, तो प्रश्न न्यायालयाबद्दल होता."

"हो का?"

"तुमचा चष्मा बदलायला हवा."

"असेल."

"आणि समासात कशाला लिहिलंत एवढं?"

"समासात लिहिलं की कुणालातरी वाचावंच लागतं," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

मला हे सगळं सेहेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. शाळेत माझी फी कधी एक दिवससुद्धा उशिरा गेली नाही. पावतीवर बाबा तारीख तपासून घ्यायचे. मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही?

"तुझी फी भरत होतो ना. तेव्हा कशाला सांगायचं?"

डोळे तपासायची वेळ घेतली आहे. चाळीस वर्षं ज्यांच्या नजरेतून एक मात्रा सुटली नाही, त्यांना एवढा ठळक प्रश्न नीट वाचता येऊ नये, याचं वाईट वाटतं.

२७ मार्च, बुधवार

तपासनीस बरोबर दहाला आला. पन्नाशीचा, बुटका, बूट दाराबाहेर ओळीत काढून ठेवणारा. मला एकदम विश्वास वाटला.

त्याने खिडकी उघडून बंद करून पाहिली, भिंत ठोकली, नळी वाकवून वास घेतला. मग म्हणाला, "पेटवून दाखवा."

"विमा नसताना पेटवायची परवानगी नाही."

"आणि पेटवल्याशिवाय मला विमा देता येत नाही." तो हसला. "मी उभा आहे तोवर पेटवा. जबाबदारी माझी."

सात महिन्यांनी पेटवला. मेण मऊ केलं, कड रचली, वरचे पुढचे सहा दात बसवले. पहिल्या दातानंतर मी त्याला विसरूनच गेले. मान वर केली तेव्हा तो स्टूल ओढून बसला होता आणि त्याची वही मिटलेली होती.

"हा दात जरा वाकडा नाही लागला?"

"लावलाय तसा. सगळे सरळ लावले तर कवळी दिसते. एखादा किंचित वळवला की माणूस दिसतो."

त्याने जिभेने स्वतःचे दात चाचपून पाहिले. सगळेच पाहतात.

"कधी आग लागली होती?"

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही. शिकाऊ असताना माझ्या वेणीचं टोक जळालं होतं, चार बोटं लांब. ते लिहा."

"राहू दे हो."

"नाही, लिहा."

त्याने लिहिलं. मग त्याने मी कुणाकुणाला कळवलं त्याची यादी मागितली आणि बोट फिरवत वाचली. सतरा. "वाचनालय?" मी मान हलवली. तो म्हणाला, "बाई, रागावू नका. पण आमच्या धंद्यात खरं बोलणारी माणसं फार त्रास देतात. बाकीच्यांचा फॉर्म दोन मिनिटांत होतो."

मी रागावले नाही. मला ते पदकासारखं वाटलं, हे इथे कबूल करते.

जाताना बाबांनी त्याच्या हातातला छापील तक्ता मागून घेतला, "ज्वलनशिल" मधली "शि" लाल पेनाने दीर्घ केली आणि परत दिला. "पुढच्या छपाईला सांगा," म्हणाले. तो "होय सर" म्हणाला. अगदी शाळेतल्यासारखा.

२८ मार्च, गुरुवार

दुरुस्तीचं पत्र लिहिलं. "माझ्या वडिलांनी नजरचुकीने प्रश्नास 'होय' असे उत्तर दिले आहे." पाठवण्याआधी बाबांना दाखवायचं, हा या घरातला जुना नियम.

त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, पेन काढलं आणि एकच शब्द खोडला. "नजरचुकीने". बाहेर समासात शब्द वगळण्याची खूण केली, नीट, शेपटीसकट.

"बाबा, तो शब्द काढला तर पत्रात काही उरतच नाही."

"नाही उरत," ते म्हणाले. पत्र माझ्या हातात ठेवलं आणि आंघोळीला गेले.

मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. पाठवलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. न पाठवणं माझ्या स्वभावात बसत नाही, आणि तरी आत टोचत नाहीये. नवीन कवळी जशी एखाद्याला पहिल्याच दिवशी चपखल बसते, तसं काहीतरी.

धाकटीला फोनवर नादारीची सगळी गोष्ट सांगितली. ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, "म्हणजे घरात दोन नादार. मीच काय घोडं मारलंय?" तासाभराने तिचा परत फोन. "सासूबाईंना सांगितलं. बाबांचं आणि तुझं, दोन्ही."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझ्या ताईला विचार, माझी खालची कवळी सारखी सुटते, त्याचं काय करता येईल."

३० मार्च, शनिवार

मिळाला. विमा मिळाला.

पत्र जाड पाकिटात आलं. हप्ता नेहमीपेक्षा जास्त आहे. टेबलावर धातूचा पत्रा हवा, भिंतीवर आग विझवायचं नळकांडं हवं, काम करताना खिडकी उघडी हवी. सगळं मान्य. तिसऱ्या पानावर टाईप केलं आहे: "घरात ज्योतीचा वापर: होय." त्याच्या खाली: "घरातील नादार व्यक्ती: दोन."

मी तेच पान घेऊन खाली गेले. बाबा म्हणाले, मीही येतो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. एक मजला उतरायला.

मालकीणबाईंनी पत्र दारात उभ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून. तोंडापुढे रुमाल धरलेला होता, सर्दी असावी असं मला आधी वाटलं. तिसऱ्या पानावर थांबल्या.

"दोन?" रुमालाआडून म्हणाल्या. "मला एक माहीत होतं."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, शाळा, शब्द, गैरसमज, सगळं. बाबांनी माझ्या आधी पाऊल पुढे टाकलं.

"दोन," ते म्हणाले. "ही आणि मी."

इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मी तोंड मिटलं. उरलेलं वाक्य आतच राहिलं, आणि त्याला तिथे बरं वाटलं.

मालकीणबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, पत्राची घडी घातली, परत दिलं. मग बाबा जिना चढायला लागेपर्यंत थांबल्या आणि मला आत बोलावलं. दार लावलं. कपाटातून दुसरा एक रुमाल काढला, गाठ सोडली. वरची कवळी, मधोमध दोन तुकडे.

"ह्यांची आहे," त्या म्हणाल्या. "काल पडली हातातून. उद्या दुपारी आमच्याकडे मंडळी येणार आहेत. कोणाला सांगू नका हं."

मी तुकडे हातात घेऊन उजेडाकडे धरले. लहान, नाजूक टाळू, पुढचे दात पातळ. ही पुरुषाची कवळी नाही, हे कोणत्याही शिकाऊ मुलीने सांगितलं असतं. आणि मालकीणबाई बोलताना प्रत्येक "स" हवेसारखा सुटत होता.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "त्यांना सांगा, काळजी करू नका म्हणून."

वर आले आणि मागच्या खोलीची खिडकी उघडली. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पत्रा कोणत्या मापाचा लागेल? मी आणतो." मी माप सांगितलं. ते दोनदा म्हणून घेतलं आणि निघाले, त्याच सदऱ्यात.

वहीत लिहिणं म्हणजे सांगणं होतं का, याचा विचार केला पाहिजे. पण आज नाही.

उद्या: कवळी जोडणे, मालकीणबाईंच्या "ह्यांची", मंडळी येण्याआधी.